नव्या लेकरानं काम करायचं नाही

२ सप्टेंबर, मंगळवार

या वहीत एरवी मी कामं लिहितो. कुठला पत्ता, कुठला नळ, काय बदललं. आज त्यात न बसणारं काहीतरी लिहायचं आहे, म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात केली. बायकोनं विचारलं तर सामानाची यादी करतोय म्हणून सांगेन.

छापखान्याच्या मागच्या गल्लीत ख्रिस्ती लोकांच्या एका मंडळीचा हॉल आहे. पूर्वी ते कापडाचं गोदाम होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. दहा मिनिटांचं काम. ते झाल्यावर सवयीप्रमाणे अजून काय काय बिघडलंय ते बघत फिरलो. पुढच्या बाजूला एक लाकडी मंच आहे आणि त्याच्या फळ्या उचलता येतात हे कडांवरूनच कळत होतं. एक उचलली. खाली फरश्या बसवलेला हौद, उतरायला चार पायऱ्या, तळाशी जुना पितळी व्हॉल्व्ह. माझं काम पाण्याचं, त्यामुळे हौद दिसल्यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

तेवढ्यात मागून पाळक आले. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. मला वाटलं होतं कुणीतरी भारदस्त असेल. हा माणूस कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घालून हातात केटली घेऊन उभा.

"बाप्तिस्म्याचा हौद आहे," ते म्हणाले. "ज्याची श्रद्धा आहे तो इथे पाण्यात उतरतो. देवाचं लेकरू म्हणून आम्ही त्याला घरात घेतो."

"लेकरू? मग वयाची अट काय?"

"काही नाही. मागच्या वर्षीचं लेकरू अठ्ठ्याहत्तर वर्षांचं होतं. गुडघे दुखायचे त्याचे."

मी हसलो, पाना पिशवीत टाकला आणि निघालो. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. मला घरात घेतलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आईवडील एकाच तापात गेले आणि काकांनी मला आणलं. काकाकाकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी कशाची कमी केली नाही, खोटं का बोला. पण घरात घेतलेला माणूस घरातला होतो का, हे मला त्या स्वेटरवाल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

७ सप्टेंबर, रविवार

जाऊन आलो. फक्त बघायला. शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो.

साठ-सत्तर माणसं असतील. गाणी बरी म्हणतात, एक शिंपी सोडून. तो सगळ्यांच्या आधी वरच्या पट्टीत जातो आणि मग एकटाच तिथे राहतो. पाळक बोलले ते थोडंच, आणि मला सगळं कळलं असंही नाही. देव हा बाप आहे, आणि त्याच्याकडे कुणी भाडेकरू म्हणून राहत नाही, एवढं लक्षात राहिलं. छताच्या पन्हळीचा सांधा सुटलाय, तेही लक्षात राहिलं.

नंतर चहा होता. चहा घेतला आणि मोरीकडे जाऊन कप विसळायला लागलो. माझाच नाही, तिथे पडलेले सगळे. एक जाडजूड परिचारिका आली आणि माझ्या हातातून कप काढून घेत म्हणाली, "पाहुण्यांनी बसायचं असतं." मी म्हणालो, बसून पाठ दुखते. ती म्हणाली, ते माझ्यावर सोडा, पाठी बघण्यातच माझी हयात गेली. तिथल्या बायका माझ्या बायकोच्याच वळणाच्या आहेत.

१० सप्टेंबर, बुधवार

काकांकडे गेलो होतो. न्हाणीघरातला नळ पुन्हा. गेल्या महिन्यातच वॉशर बदललं होतं आणि आता नळाची मानच ढिली. काकू गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात दर आठवड्याला काही ना काही सुटतं. पाण्याचा दाब विचित्र असणार. एकदा मोजायला हवा.

काका चौऱ्याऐंशीचे आहेत. मी काम करतो तेव्हा ते स्टूल घेऊन शेजारी बसतात आणि मला मी शाळेत होतो तेव्हाच्या गोष्टी सांगतात, जणू मी तिथे नव्हतोच. आज काम झालं तर म्हणाले, "एवढ्यात झालं?"

"एवढंसंच तर होतं."

"बस ना छोट्या. अंडी उकडतो."

एक्कावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं म्हणून निघालो. दारात विचारलं, पुढच्या आठवड्यात येशील का. म्हटलं, बिघडलं तर येईनच की.

१४ सप्टेंबर, रविवार

आज विचारून टाकलं. आठवडाभर तोंडावर आलेलं गिळत होतो.

सगळे गेल्यावर पाळक खुर्च्या एकात एक घालत होते. मीही घालायला लागलो आणि घालता घालता म्हणालो, "समजा कुणाला लेकरू म्हणून घेतलं. आणि त्यानं काहीतरी मोठं मोडलं. तर परत पाठवतात का?"

"कुठे?"

"जिथून आला तिथे."

ते खुर्ची हातात धरून उभे राहिले. लगेच उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं त्यांच्या नळाला हवा जास्त आणि पाणी कमी येतं.

"माणसं एकमेकांना पाठवतात," ते शेवटी म्हणाले. "आमच्या मंडळीतही झालंय, त्याची मला लाज वाटते. पण तो बाप पाठवत नाही. लेकरू रुसून गेलं तर दार उघडं ठेवतो."

मी म्हणालो, बघू.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मी सात वर्षांचा असताना काकूचा आरसा माझ्या हातून फुटला. तिच्या आईनं दिलेला होता. ती रागात म्हणाली, असंच करशील तर परत पाठवीन. एकदाच म्हणाली. संध्याकाळी मला जवळ घेऊन रडलीसुद्धा. पण मी विचार करत बसलो की परत म्हणजे कुठे, तिकडे तर कुणीच नाही. त्या रात्री माझे कपडे पिशवीत भरले आणि ती पिशवी खाटेखाली ठेवली. बारा वर्षांचा होईपर्यंत ती तिथेच होती, कपडे लहान झाले की बदलायचो. आणि दुसऱ्या दिवसापासून घरातलं जे मोडेल ते दुरुस्त करायला लागलो. त्यातूनच हा धंदा शिकलो, तेव्हा तक्रार कशाची करू?

२१ सप्टेंबर, रविवार

मी पाळकांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे.

पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि शाळेच्या पहिल्या दिवसासारखा हात जोडून उभा राहिलो. माझा विश्वास आहे का, तर आहे. कधी बसला ते सांगता येणार नाही. पन्हळ दुरुस्त करू का विचारायला म्हणून जायचो आणि प्रार्थना करून यायचो, असं दोनतीनदा झालं. एकदा एकटाच बसून त्याला बाप म्हणून हाक मारून पाहिली. कुणी ओ दिली नाही, पण कुणी उठून जा असंही म्हटलं नाही.

पाळकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "आता आमची एक रीत ऐका. इथे नव्या लेकरानं काम करायचं नाही. आजपासून ते बाप्तिस्म्यानंतर महिनाभर. खुर्ची उचलायची नाही, कप विसळायचा नाही, आणि तुमच्यासाठी खास म्हणून सांगतो, पाना आणायचा नाही."

"का?"

"ही मंडळी सुरू केली ती सगळी कष्टाची माणसं होती. फुकट काही घ्यायची सवयच नव्हती कुणाला. जो येई तो आधी झाडू शोधे. मग वर्षानुवर्षं झाडतच राही आणि मनातून स्वतःला गडी समजे. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी महिनाभर नुसतं लेकरू व्हायला शिकायचं. काम नंतर आहेच, ते काही चुकत नाही."

मला हे मुळीच पटलेलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला या सगळ्यात फारसा रस नाही, जा म्हणते, या म्हणते. पण ही रीत ऐकून ती हसत हसत जमिनीवरच बसली.

"मेलात तुम्ही," ती म्हणाली. "अहो, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, अजून आपल्याच घरात रविवारी खुर्चीवर टेकताना आधी माझ्याकडे बघता. परवानगी मागितल्यासारखं. त्या लोकांना सांगा, महिन्यानं काय होतंय, वर्षभर बसवा यांना."

मी तसं बघतो का? मला तरी आठवत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा काकांकडे. आता स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा नट. मी स्वतः आवळलेला होता, तो हातानं फिरेल इतका सैल. तीस वर्षांच्या धंद्यात असं घर पाहिलं नाही. बायकोला सांगितलं तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला नळ कळतात, बाकी आनंद आहे." काय म्हणायचं होतं कोण जाणे.

काकांना बाप्तिस्म्याचं सांगितलं. सांगायला चार दिवस घेतले, कारण मला वाटलं त्यांना लागेल. त्यांनी आणलं, वाढवलं, आणि हा म्हातारपणी दुसऱ्या बापाचा झाला. त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"लेकरू कुणाचं म्हणालास?"

"देवाचं."

"आणि तिथेही तू नळच दुरुस्त करणार?"

"नाही. ते हातच लावू देत नाहीत. महिनाभर नुसतं बसायचं."

"शहाणे आहेत," काका म्हणाले. मग उठून अंडी उकडत ठेवली. आज खाऊन आलो.

४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या बाप्तिस्मा. आम्ही दोघंजण आहोत, मी आणि एक आजी. आजी निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, ऐंशीच्या पुढच्या. तीन तासांचा प्रवास करून येणार आहेत.

दुपारी हॉलवर गेलो. उद्या कुठे उभं राहायचं ते पाळकांनी दाखवलं आणि ते फोनवर बोलायला बाहेर गेले. हौदात कालपासून थोडं पाणी सोडून ठेवलेलं होतं, आणि तळाच्या त्या पितळी व्हॉल्व्हला घाम आल्यासारखं दिसत होतं. मिनिटाला एखादा थेंब. यानं काही होत नाही. वर्षानुवर्षं तसंच असणार. जुनं पितळ असं पाझरत असेल तर त्याला हात लावायचा नसतो, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

पण मी बघत बसलो. उद्या मी त्या पाण्यात जाणार, आणि माझ्याकडून या घराला काय? चार आठवडे त्यांचा चहा पितोय, त्यांच्या खुर्चीवर बसतोय. हात नुसते शिवशिवत होते. छोटा पाना मी कोटाच्या खिशात नेहमीच ठेवतो, तो आणला यात मोडत नाही. पाऊण फेरा आवळला. थेंब बंद झाला. पाळक येईपर्यंत मी पुन्हा खुर्चीवर.

कुणाला कळणार नाही. पण मला बरं वाटतंय. उद्या अगदीच रिकाम्या हातानं जाणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सगळं नीट क्रमानं लिहितो.

नऊला आम्ही पोचलो, बायको नवी साडी नेसून बरोबर. हॉलच्या दाराच्या पायरीवरून पाणी खाली येत होतं. आत सगळी मंडळी पँटी दुमडून, साड्या खोचून पाणी काढत होती. पहाटे सहाला हौद पूर्ण भरायला लावला होता. भार आला आणि व्हॉल्व्ह बुडाशीच तडकून निघाला. हौद रिकामा, जमीन भरलेली. आजी एका खुर्चीवर पाय दुसऱ्या खुर्चीवर घेऊन बसलेल्या, आणि त्यांची सून त्यांचे बूट हातात धरून उभी.

"जुना झाला होता बिचारा," परिचारिका म्हणत होती. "आजच मेला."

मी वाकून पाहिलं. तडा ताजा होता, आवळल्याचा. माझ्याशिवाय ते तिथे कुणालाही कळलं नसतं. सगळे जुन्या पितळाला दोष देत होते आणि मी नुसतं मान हलवली असती तरी भागलं असतं. खरं सांगतो, मान हलायला लागलीही होती.

"मी केलं," मी म्हणालो.

शिंप्यानं पोछा थांबवला. मी सगळं सांगितलं, पाना खिशातून काढून दाखवला. "तीस वर्षांचा अनुभव आहे आणि तरी हात लावला. मला राहवलं नाही. आत्ता दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणतो, दोन तासांत बसवतो, पाणी मी एकटा काढतो. बाप्तिस्मा आजींचा करा. माझं राहू द्या."

मी दाराकडे वळलो. दुकानाकडे जातोय असं स्वतःला सांगत होतो, पण आज रविवार, दुकान बंद असतं हे मला माहीत होतं. मी चाललो होतो, एवढंच.

दारात काका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, बूट पाण्यात. त्यांना कुणी सांगितलं, कसे आले, काही माहीत नाही. बायको एकदम छताकडे बघायला लागली.

"कुठे निघालास?"

"मोडलं मी. सगळं मोडून ठेवलं काका."

"ऐकलं," काका म्हणाले. त्यांनी माझी बाही धरली, अगदी घट्ट. "म्हणून कुठे निघालास?"

मी एवढ्या लोकांत रडलो. लहानपणी त्या घरात कधी रडलो नव्हतो, आवाज होईल म्हणून.

पाळक आले, गुडघ्यापर्यंत ओले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि आजींच्या शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा."

"निदान बादली तरी..."

"नव्या लेकरानं काम करायचं नाही. आज तर मुळीच नाही. बसा."

बसलो. काका दुसऱ्या बाजूला बसले, बाही सोडली नाही. आणि माझ्यासमोर ती सगळी माणसं माझी घाण निस्तरत होती. परिचारिका, शिंपी, छापखान्यातले दोघे भाऊ, माझी बायकोसुद्धा, नवी साडी वर खोचून. स्वयंपाकघरातल्या नळापासून मंचापर्यंत रांग लागली आणि बादल्या हातोहात यायला लागल्या. हौदात पाणी राहणार नव्हतं म्हणून कुणीतरी घरून कपडे भिजवायचा मोठा टब आणला. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. बादली जवळून गेली की माझा हात आपोआप उठायचा.

"हात मांडीखाली घाला," आजी हळूच म्हणाल्या. "मी मघापासून तेच केलंय. पस्तीस वर्षं शाळा चालवली मी, इथे कुणालाच रांग धरता येत नाही आणि मला बोलायची चोरी."

आम्ही दोघं हात मांडीखाली घालून बसलो.

आधी आजी. त्यांना टबात खुर्चीवरच बसवलं. मग मी गुडघ्यांवर बसलो. पाळकांनी विचारलं, विश्वास आहे का? मी हो म्हणालो. त्यांनी माझं नाव घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीन वेळा तांब्यानं पाणी ओतलं. पाणी गार होतं. ते पाणी दुसऱ्यांनी वाहून आणलेलं होतं आणि त्यातली एक बादलीसुद्धा माझी नव्हती, हे मला प्रत्येक वेळी डोक्यावर पडताना कळत होतं.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. नेहमी खांदे वर ओढलेले असतात ते खाली आले, एवढं सांगता येईल. नंतर कुणीतरी टॉवेल दिला, कुणीतरी चहा. मी चहा प्यायलो आणि कप तिथेच ठेवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी काकांचा फोन. म्हटलं, आता काय सुटलं? म्हणाले, काही नाही, सगळे नळ ठीक आहेत. तरी ये म्हणाले. कशाला ते सांगितलं नाही. उद्या संध्याकाळी जाईन. पान्यांची पिशवी आणू का विचारलं तर फोन ठेवून दिला.

त्यांच्याकडे एकाएकी सगळं ठीक कसं झालं, हे कोडंच आहे. दाब मोजायचा राहून गेला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पाळकांनी हौदासाठी दुसरा प्लंबर बोलावला. दुसरा प्लंबर. मी शहरात असताना. सकाळभर धुमसत होतो, शेवटी गेलो. पाळक म्हणाले, हवं तर बसा, पण सूचनाही द्यायच्या नाहीत, तेही काम आहे.

तिशीचा गडी होता. नळाच्या आट्यांवर टेप उलटी गुंडाळत होता. मी हात मांडीखाली घातले आणि जीभ दातांखाली धरली. त्यानं तीनदा माझ्याकडे वळून पाहिलं. काम करत नाही, बोलत नाही, कुणाची वाट बघत नाही असा माणूस भर दुपारी खुर्ची टाकून का बसलाय हे त्याला कळेना.

"तुम्ही कोण इथले?" त्यानं विचारलं. "शिपाई का?"

"नाही."

"मग काय करता इथे?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरचा आहे."

तो म्हणाला, मग घरच्यांनी जरा मागे सरका, पाणी उडेल. मी खुर्ची मागे घेतली आणि पुन्हा बसलो.